एकाच शहरातल्या मंडळ्यांनी मिळून काम उभं करताना: आधी यादी, पैसा आणि फोटो ठरवा

तालुक्याच्या गावात पाच-सहा ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) असतात. शिवाय वस्त्यांमध्ये सेवा करणाऱ्या दोन-तीन संस्था. जून आला की सगळेच वह्या वाटतात, तेही रेल्वे लाइनलगतच्या त्याच एका वस्तीत. तिथल्या एखाद्या मुलाकडे तीन दप्तरं जमतात आणि वीटभट्टीवरच्या मुलांपर्यंत कोणीच पोहोचत नाही. पाळकांना (पास्टरांना) हे दिसत असतं, म्हणून कोणीतरी पुढाकार घेऊन ‘ऐक्य सभा’ भरवतं. मंडप पडतो, गीतं होतात, सगळ्यांचे सत्कार होतात. पुढच्या जूनमध्ये मात्र वह्या पुन्हा वेगवेगळ्याच वाटल्या जातात.

चूक क्रमात आहे. एकत्र काम मोडतं ते क्वचितच बाप्तिस्म्याच्या शिकवणीवरून. ते मोडतं यादी कोणाची, पैसा कोणाच्या खात्यात आणि फोटोत मधोमध कोण, या तीन प्रश्नांवरून. त्यामुळे हे तीन प्रश्न आधी कागदावर मिटवायचे, एक छोटं काम पूर्ण करायचं, त्याचा हिशेब द्यायचा आणि मगच मोठ्या सभेचा विचार करायचा.

इथे उदाहरण घेतलं आहे चार गटांनी मिळून 228 मुलांना शालेय साहित्य देण्याचं. आरोग्य शिबिर किंवा नाताळातलं धान्यवाटप असलं तरी क्रम हाच राहतो.

## वेळापत्रक: जूनपासून उलटं मोजा

विदर्भ सोडून राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या महिनाअखेरीकडे. वाटप शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी व्हावं. तिथून मागे मोजून चौदा आठवडे हाताशी ठेवा, म्हणजे सुरुवात फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात करावी लागते.

या मुदतीत ईस्टरआधीचा उपवासकाळ येतो. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांमध्ये कधीही पडतो. झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंत कोणत्याही पाळकाला बैठकीला बोलावू नका. उपवासकाळात शुक्रवारची संध्याकाळही मोकळी ठेवा. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी सोबत असेल तर शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत काहीच ठेवायचं नाही. शनिवारी सकाळी बैठक लावायची आणि ‘ते आलेच नाहीत’ असं म्हणायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

## टप्पा 1: आधी घरोघरी जा (आठवडे 1 ते 3)

सगळ्यांना एकदम बोलावू नका. प्रत्येक पाळकाला, फादरना, संस्थाप्रमुखाला त्यांच्या जागी जाऊन भेटा. सोबत आपल्या मंडळीतला एक जाणता सभासद घ्या. भेटीत प्रस्ताव मांडायचा नाही, चार गोष्टी विचारून वहीत लिहून घ्यायच्या:

1. सध्या कोणत्या वस्तीत, कोणत्या दिवशी, कोणतं काम चालतं?
2. कोणतं काम करायचं आहे, पण माणसं किंवा पैसा कमी पडतो?
3. पूर्वी कोणाबरोबर काम केलं होतं का, आणि ते का थांबलं?
4. एकत्र कामाला होकार द्यायचा तर तो कोण देणार?

तिसऱ्या प्रश्नावर ऐकून घ्या. मध्ये बोलू नका, दुसऱ्या बाजूचं समर्थनही करू नका. जुनी दुखणी इथेच बाहेर येऊ द्यावीत. ती पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर निघाली तर ती बैठकच शेवटची ठरते.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. स्वतंत्र मंडळीचे पास्टर बसल्या जागी ‘हो’ म्हणू शकतात. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) पाळकांना विषय पास्टोरेट कमिटीसमोर, म्हणजे मंडळीच्या कार्यकारी समितीसमोर, ठेवावा लागतो आणि काही बाबींत बिशपांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. मेथडिस्ट पाळकांच्या वर जिल्हा अधीक्षक असतात. मुक्तिफौजेचे अधिकारी वरच्या आदेशाने चालतात. कॅथलिक धर्मग्रामाचे (पॅरिशचे) फादर सेवाकार्यात सहज येतात, पण संयुक्त प्रार्थनेसाठी धर्मप्रांताचे (डायोसिसचे) नियम आणि बिशपस्वामींची संमती पाहतात. ज्यांचं उत्तर तीन आठवड्यांनी येतं ते नाखूश असतात असं नाही. त्यांची पद्धतच तशी आहे. हे न समजल्यामुळे ‘मोठ्या मंडळीला आमची किंमत नाही’ असा गैरसमज पसरतो आणि धाकट्या मंडळ्या दुरावतात.

तपासा: भेटी संपल्यावर गावाचा साधा नकाशा काढा. वस्त्या लिहा, प्रत्येकीपुढे कोण जातं त्याची खूण करा. चार खुणांची वस्ती आणि एकही खूण नसलेली वस्ती हे दोन्ही शेजारी दिसले की पुढच्या बैठकीत फार समजवावं लागत नाही.

## टप्पा 2: पहिली बैठक (आठवडा 4)

जागा कोणत्याही मंडळीची नको. शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली, एखाद्या रुग्णालयाचं सभागृह चालेल. प्रत्येक गटाकडून दोघेच यावेत: एक पाळक किंवा प्रमुख आणि एक सामान्य सभासद. हा दुसरा माणूस शोभेचा नाही. पाळकांच्या बदल्या होतात, आणि काम फक्त त्यांच्याशीच जोडलेलं असेल तर बदलीबरोबर तेही जातं.

नव्वद मिनिटं पुरेत. आधी छोटी प्रार्थना, मग नकाशा, मग एकच प्रश्न: येत्या जूनमध्ये आपण मिळून नेमकं काय करणार आणि काय करणार नाही? उत्तर एका वाक्यात फळ्यावर लिहा. उदाहरणार्थ: ‘वीटभट्टी आणि रेल्वे लाइन या दोन वस्त्यांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एकदाच वह्यांचा संच देणार.’ आरोग्य, शिकवणी, युवा शिबिर हे सगळं त्या दिवशी बाजूला ठेवा.

अध्यक्ष निवडू नका. निमंत्रक नेमा, तोही या एका कामापुरता, आणि शक्यतो सगळ्यात मोठ्या मंडळीचा नको.

सावधान: ‘तुम्ही ही वस्ती घ्या, आम्ही ती घेतो’ ही वाटणी सोपी वाटते. जुन्या मिशनांनी मराठी मुलखात असेच प्रदेश वाटून घेतले होते, अहमदनगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन तर कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. आज एकाच चाळीत चार मंडळ्यांची कुटुंबं राहतात. माणसं वाटता येत नाहीत. कामं वाटा: खरेदी एकाकडे, यादी दुसऱ्याकडे, जागा आणि स्वयंसेवक तिसऱ्याकडे.

## टप्पा 3: दोन पानांचा करार (आठवडे 5 ते 7)

‘आपण भाऊ-भाऊ, कागद कशाला?’ असं हमखास कोणीतरी म्हणतं. कागद अविश्वासापोटी करायचा नसतो. सहा महिन्यांनी प्रत्येकाला वेगळंच आठवतं, म्हणून करायचा असतो. स्टॅम्पपेपर लागत नाही, वकिली भाषाही नको. पण पुढच्या बाबी त्यात आल्याच पाहिजेत:

- कामाचं ते एक वाक्य, तारीख आणि ठिकाण.
- प्रत्येक गट काय देणार: संच किती, स्वयंसेवक किती, जागा कोणाची.
- निर्णय कसा होणार. चार गटांत मतदान टाळा. सगळ्यांचं एकमत होईल तेवढंच करायचं.
- मदत सर्व धर्मांच्या मुलांना, कोणतीही अट न घालता. प्रार्थनेला येण्याची अट नाही, वाटपाच्या रांगेत पत्रकं नाहीत, कोणाही कुटुंबाचं नाव ‘पुढच्या भेटीसाठी’ लिहून घेणं नाही.
- नाव, बॅनर आणि फोटोचे नियम (टप्पा 7 पाहा).
- कोणाला मध्येच बाहेर पडायचं असल्यास किती दिवस आधी कळवायचं. तीस दिवस ठेवा.
- सभासदांबाबतचा नियम.

शेवटच्या बाबीवर थांबून बोलायला हवं, कारण मनातली खरी भीती ती आहे: ‘एकत्र काम केलं तर आमची मेंढरं त्यांच्या कळपात जातील.’ भीती उघड बोलू द्या आणि त्यावर साधा नियम करा. संयुक्त कामात भेटलेल्या दुसऱ्या मंडळीच्या सभासदाला आपल्या उपासनेचं आमंत्रण द्यायचं नाही. दुसऱ्याने घातलेल्या पायावर बांधू नये म्हणून प्रेषित पौल जपत असे, हे बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे आणि सगळ्या मंडळ्यांना मान्य आहे. पण एखादं कुटुंब स्वतःहून आलं तर त्याला हाकलायचंही नाही. अशा वेळी कुटुंबाला सांगून सात दिवसांच्या आत आधीच्या पाळकांना फोन करायचा आणि शिफारसपत्राची रीत असेल तिथे ते मागायचं.

सावधान: या नियमाला एक अपवाद लिहूनच ठेवा. आधीच्या पाळकांविरुद्ध किंवा पंचांविरुद्ध छळाची, पैशाची वा गैरवर्तनाची तक्रार घेऊन कोणी आलं असेल तर तो फोन करायचा नाही. आधी त्या माणसाची सुरक्षितता. पाळकांमधला सलोखा टिकवण्यासाठी पीडिताला परत पाठवणं हे ऐक्य नव्हे.

ज्यांच्या ठरावाची गरज आहे त्यांच्याकडे मसुदा दोन आठवडे राहू द्या. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत खरेदी नाही.

## टप्पा 4: पैसा एकत्र करू नका

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. चांगल्या मनाने चौघे आपापली रक्कम एका मंडळीच्या खात्यात टाकतात आणि ती मंडळी खरेदी करते. मग अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण परदेशी देणगीची. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्यात 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेली देणगी दुसऱ्या कोणत्याही संस्थेला किंवा व्यक्तीला पुढे देता येत नाही. त्या दुसऱ्या संस्थेची एफसीआरए नोंदणी असली तरीही नाही. आपल्या गटातल्या एकाने जरी त्या खात्यातून दुसऱ्या मंडळीला रक्कम वळती केली तरी त्याची नोंदणी धोक्यात येते. स्थानिक दान आणि परदेशी दान एकाच खात्यात मिसळणंही चालत नाही.

दुसरी अडचण विश्वस्त संस्थेच्या उद्देशांची. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेली असेल तर खर्च तिच्या घटनेतल्या उद्देशांत बसला पाहिजे. उद्देश फक्त उपासनेचे असतील आणि वह्यांवर खर्च झाला तर लेखापरीक्षक विचारणारच. करारावर सही करण्याआधी उद्देशांचं कलम वाचा आणि विश्वस्तांचा ठराव घ्या.

तिसरी अडचण दात्यांची. करसवलतीची पावती ज्या संस्थेला दान मिळालं तीच देऊ शकते. रोख दान 2,000 रुपयांच्या वर असेल तर दात्याला सवलत मिळत नाही, तेव्हा बँकेतूनच घ्या.

यावर उपाय असा: दुकानदार एक, पैसे देणारे चार, बिलं चार. समजा 228 मुलं आहेत आणि 12 संच राखीव, म्हणजे एकूण 240 संच. एका संचाची किंमत 350 रुपये धरली तर:

- अ गट: 100 संच, 35,000 रुपये
- ब गट: 60 संच, 21,000 रुपये
- क गट: 50 संच, 17,500 रुपये
- ड गट: 30 संच, 10,500 रुपये

एकूण 84,000. प्रत्येक गट दुकानदाराला स्वतःच्या खात्यातून थेट पैसे देतो आणि बिल स्वतःच्या नावाने घेतो. संचांवर 1 ते 240 असे आकडे चिकटवा: अ गटाचे 1 ते 100, ब गटाचे 101 ते 160, याप्रमाणे पुढे. हे आकडे पुढे फार उपयोगी पडतात.

कमी संच देणाऱ्याचा मान कमी होऊ देऊ नका. ड गटाने 30 संच दिले असतील, पण वीटभट्टीवरची वाट कदाचित त्यालाच माहीत असते.

तपासा: मंडप, चहा, रिक्षाभाडं असा किरकोळ खर्च कोण करणार ते आधी लिहिलं आहे का? भांडणं 84,000 वरून क्वचितच होतात. ती 1,200 रुपयांच्या मंडपावरून होतात.

## टप्पा 5: याद्या उघड न करता जुळवा (आठवडे 8 ते 10)

कोणतीही संस्था आपली पूर्ण यादी सहजी देत नाही आणि देऊही नये. त्यात मुलांची नावं, पत्ते, घरच्या अडचणी असतात. कुटुंबांनी ती माहिती एका संस्थेवर विश्वास ठेवून दिलेली असते. पण याद्या जुळवल्या नाहीत तर तेच मूल तीनदा मोजलं जातं. त्यासाठी खुणेचा आकडा वापरा.

प्रत्येक गट आपल्या यादीतल्या प्रत्येक मुलासाठी एक सांकेतिक खूण तयार करतो: आईच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे, मुलाचं जन्मवर्ष, शाळेचं आद्याक्षर. जिल्हा परिषद शाळेतल्या 2016 साली जन्मलेल्या मुलाची खूण अशी दिसेल: 4471-2016-जि. निमंत्रकाकडे फक्त या खुणा आणि गटाचं अक्षर जातं. नावं जात नाहीत. सगळ्या खुणा एक्सेलच्या एका रकान्यात घाला, क्रमाने लावा, सारख्या खुणा एकाखाली एक येतात. मग फक्त त्या दोन गटांनी फोनवर बोलून खात्री करायची.

तीन ठिकाणी ही पद्धत चुकते. जुळी मुलं एकच वाटतात, म्हणून सारखी खूण दिसली की लगेच खोडू नका. आईऐवजी काकांचा नंबर दिला असेल तर तेच मूल वेगळं दिसतं, म्हणून ‘आईचाच नंबर’ हे सगळ्यांना आधी सांगा, आणि आई नसेल तर सांभाळणाऱ्याचा. मोबाइलच नसेल तर 0000 लिहा. ही सगळी कुटुंबं घरी जाऊन तपासा, कारण सर्वाधिक गरज बहुधा तिथेच असते.

आधार क्रमांक किंवा त्याच्या झेरॉक्स गोळा करू नका. वह्या देण्यासाठी त्याची काही गरज नाही.

## टप्पा 6: खरेदी आणि वाटप (आठवडे 11 ते 14)

सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, ती घेऊ नका. पहिली ते चौथीसाठी दुरेघी, चाररेघी आणि चौकटीच्या वह्या लागतात, पाचवी ते आठवीसाठी 200 पानी एकरेघी आणि कंपासपेटी. दोन्ही संचांची किंमत सारखी पडेल असं सामान निवडा, म्हणजे टप्पा 4 चा हिशेब बिघडत नाही. संचात सहा वह्या धरल्या तर 240 संचांना 1,440 वह्या, म्हणजे 120 डझन. मेच्या शेवटी दुकानांत गर्दी होते आणि चाररेघी वही आधी संपते. मेच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर द्या. माल आल्यावर प्रत्येक गठ्ठ्यातली एक वही उघडून पानं मोजा.

वाटपाची टेबलं संस्थेनुसार लावू नका. तसं केलं की चार पाट्या, चार रांगा आणि पुन्हा तीच चढाओढ. टेबलं इयत्तेनुसार लावा: पहिली-दुसरी, तिसरी-चौथी, पाचवी-सहावी, सातवी-आठवी. प्रत्येक टेबलावर दोन वेगवेगळ्या गटांचे स्वयंसेवक बसवा. सहीच्या कागदावर मुलाचं नाव, पालकाची सही आणि संचाचा आकडा लिहा. त्या आकड्यांवरून प्रत्येक गटाला आपले संच कोणाला गेले याची नोंद वेगळी काढता येते, आणि लेखापरीक्षेला तेवढीच लागते.

एका मुलाला दीड मिनिट धरा. 228 मुलांना एकदम बोलावलं तर शेवटच्याला दीड तास ताटकळावं लागतं. नऊ, साडेनऊ, दहा आणि साडेदहा अशा चार वेळांना 57-57 मुलं बोलवा. प्रत्येक वेळेला चार इयत्तागटांची मुलं सारखी येतील असं पाहा. मग प्रत्येक तुकडी साधारण बावीस मिनिटांत मोकळी होते. जूनमध्ये पाऊस धरूनच चाला, जागा छताखालची हवी.

भाषणं नकोत. मुलांना उभं करून पाहुण्यांची वाट बघायला लावणं हा मुलांचा अपमान आहे.

## टप्पा 7: नाव आणि फोटो

बॅनर एकच. त्यावर सगळ्यांची नावं वर्णक्रमाने, सारख्या अक्षरात. कोणाही पाळकाचा फोटो नाही. एखाद्या गटाच्या देणगीदाराला फोटो हवेच असतील तर तसं टप्पा 3 मध्येच सांगावं. मग बॅनरचा, संचांच्या ढिगाचा, स्वयंसेवकांचा फोटो घ्या. संच घेताना हात पुढे केलेल्या मुलाचा चेहरा कोणीही काढायचा नाही.

अहवालात ‘आम्ही 228 मुलांना मदत केली’ असं चौघांनीही लिहिलं तर तीच मुलं चारदा मोजली जातात. वाक्य ठरवून द्या: ‘चार गटांच्या संयुक्त कामात 228 मुलांना साहित्य मिळालं, त्यांपैकी आमच्या गटाचे संच 60.’ हे वाक्य लिहायला जड जातं. तरीही लिहा, कारण अहवाल खोटा असेल तर बाकी सगळं वाया जातं.

## टप्पा 8: तक्रार आली तर

व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर देऊ नका. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला आधी एकट्याने भेटा, मग गरज पडली तर दोघांना घेऊन, मग चारही गटांसमोर. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला क्रम हाच आहे आणि तो कामाच्या वादातही लागू पडतो. व्यासपीठावरून, उपदेशात सूचक बोलणं पूर्ण टाळा. ऐकणारे नाव ओळखतात आणि ते बोलणं संध्याकाळच्या आत पलीकडे पोहोचतं.

## टप्पा 9: पंधरा दिवसांत हिशेब

पुन्हा तशाच तटस्थ जागी, त्याच आठ जणांची बैठक. टेबलावर चार बिलं, सहीचे कागद, उरलेले संच. 240 मधून वाटलेले वजा करून हातातले मोजा. फरक आला तर तो तसाच लिहा, जुळवून दाखवू नका. मग प्रत्येक गटाने एकेक गोष्ट सांगायची: काय बिघडलं.

त्यानंतर एकच निर्णय घ्या: पुढच्या जूनमध्ये पुन्हा, की नाही? ‘हो’ आलं तर निमंत्रक बदला. संयुक्त प्रार्थनासभेचा विषय आता निघाला तर निघू द्या. ती ठेवलीत तर प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) त्यात घेऊ नका, कारण प्रभूच्या मेजाबद्दल प्रत्येक मंडळीचे नियम वेगळे आहेत आणि तिथे कोणाला तरी मागे बसावं लागतं. गीतं, वचन आणि मुलांची नावं घेऊन केलेली प्रार्थना सगळ्यांना बरोबर घेऊन जाते.

उरलेले संच त्याच आठवड्यात वीटभट्टीवर पोहोचवा. पावसाळ्यात भट्ट्या बंद होतात आणि कुटुंबं गावाकडे निघतात.